बोटाला न चिकटणारी गोडी

नागपूरच्या उष्मासंरक्षण प्रयोगशाळेत टेबलावर मोडका घुसळदांडा पडला होता आणि डॉ. श्रीरंग भोयर त्याच्याकडे दुखावलेल्या बापासारखे पाहत होते. हिमरवा यंत्र त्यांचंच लेकरू. पारा एकोणपन्नासवर गेला की रस्त्यावर राबणाऱ्यांनी कामाआधी पेलाभर हिमरवा, म्हणजे रव्यासारखं गोठवलेलं साखरपाणी, प्यायचा. त्यातला बर्फ पोटात वितळताना अंगातली उष्णता ओढून घेतो. काल यंत्र मोडलं. एकशेवीस जण तसेच उन्हात गेले, दोघी भोवळ येऊन पडल्या. तासाभरात भोयरांनी गुन्हेगारही शोधला: यंत्र चालवणाऱ्या सिंधूबाई राऊत.

"लवकर उरकायला थंडीची कळ पिळली!" सगळ्यांदेखत ते कडाडले होते. "वीस वर्षं बर्फाच्या गोळ्याची गाडी ढकलली म्हणजे शास्त्र येत नाही." बाईंनी यंत्राची किल्ली टेबलावर ठेवली आणि चालू लागल्या.

"भोयर, कळीला कुणी हातच लावलेला नाही," सहकारी डॉ. खापर्डेबाईंनी आज नोंदपट्टी पुढे सरकवली. "थंडी नेहमीसारखीच. उणे दोन."

"उणे दोनला साखरेच्या पाण्याचा दगड होत नाही."

"नाहीच होत. पाण्याचे रेणू रांग धरून बर्फ व्हायला निघतात, साखरेचे मध्येच घुसतात. थोडं पाणी गोठलं की उरलेला पाक आणखी दाट, त्याला गोठायला आणखी थंडी हवी. म्हणून रवा होतो, लादी नाही. साखर नसेल तर सगळं एकदम गोठतं. घुसळणं जड जातंय हे कळून यंत्र थंडी थांबवेपर्यंत दांडा खलास."

"पण साखर होती! त्या लादीचा तुकडा मी स्वतः चाखलाय. गोड होता."

खापर्डेबाईंनी वितळलेल्या पाण्याचा थेंब द्रावमापकाच्या काचेवर सोडला, डोळा लावला. "विरघळलेलं काही, शंभरात एक भागसुद्धा नाही."

"आणि गोड?"

"कृत्रिम गोडी. साखरेच्या कित्येकशे पट गोड, म्हणून चिमूटभर पुरते. जिभेला गोडी कळते हो, बर्फाला नुसती डोकी मोजता येतात. मध्ये घुसायला कुणी नाही म्हटल्यावर तो कशाला थांबतोय?"

"म्हणजे बाईनं साखर ढापून..." भोयरांच्या चेहऱ्यावर तरतरी आली. दुसऱ्याचा एक गुन्हा हातचा गेला, तर दुसरा किती चटकन सापडतो!

खापर्डेबाईंनी फाइलमधला कागद काढला. दिवसाला तीन पेले म्हणजे साखर फार होते, असं आरोग्य समितीचं म्हणणं. मग चहाच्या वेळी दोन पेले आले होते, एक साखरेचा, एक कृत्रिम गोडीचा; भोयरांनी दोन्ही चाखून "फरक शून्य!" म्हटलं होतं. पाक बदलायला मंजुरी म्हणून खाली त्यांची सही. लांब शेपटाची, सबंध खात्यात दुसऱ्या कुणाला न जमणारी.

मग त्यांना कालची सकाळ आठवली, यंत्र सुरू होण्याआधीची. नव्या पाकाचा डबा उघडून सिंधूबाई दारात आल्या होत्या, अंगठ्यावर बोट घासत. "साहेब, पाक बदलला का? जिभीले गोड लागते, पण बोटाले चिकटत नाही."

"हात धुऊन आला असाल, बाई," ते म्हणाले होते. सगळे हसले होते. सगळ्यात उशिरापर्यंत ते स्वतः.

"अहवालात 'पाकाच्या घटकांत बदल' असं मोघम लिहितो," भोयर पुटपुटले.

"लिहा की. बाईंना तेवढं मोघम बोलला नव्हतात."

दुपारी किल्ली खिशात घालून ते चौकात गेले. कडुनिंबाखाली सिंधूबाईंची गाडी लागली होती, भोवती तेच कामगार.

"सिंधूबाई, जरा बाजूला येता?"

"बाजूले काहून? काल त सगळ्यायसमोर होतं."

मग भोयर सगळ्यांसमोर बोलले. पाक कुणी बदलला, सही कुणाची, बाईंनी आधी सांगितलं तेव्हा हसलं कोण. त्यांचा आवाज इतका बारीक झाला की मागून कुणीतरी म्हणालं, "साहेब, काल त चौकापर्यंत आयकू येत होतं!"

सिंधूबाई बर्फ किसत राहिल्या. गोळा दाबला, लाल पाक ओतला, भोयरांच्या हाती दिला. पाक मनगटापर्यंत ओघळला.

"चिकटते का?"

"चिकटतं." भोयरांची नजर पाण्याच्या तांब्याकडे गेली. बाईंनी तांब्या आपल्या बाजूला ओढला.

"राहू द्या. संध्याकाळपर्यंत ध्यानात राहीन."

भोयरांनी किल्ली पुढे केली. बाईंनी तिच्याकडे पाहिलं, घेतली नाही.

"आधी पाक बदला. मंग पाहू."

प्रयोगशाळेत परतून त्यांनी साखरेचं मागणीपत्र लिहिलं आणि सही केली. हात उचलला, तर कागद हाताला चिकटून वर आला. समोर खापर्डेबाई बसल्या होत्या. त्या हसल्या असत्या, तर बरं वाटलं असतं.