रिकामी फळी

तारापूरला अणुवीज केंद्राचं बांधकाम सुरू झालं आणि बोईसरात खोल्यांची अशी टंचाई झाली की लोकांनी गोठे सारवून भाड्यानं दिले. जालन्याकडून फिटर म्हणून आलेल्या रामकिसनला इंदुबाईची मागची खोली मिळाली, ती त्या मानानं महालच. तिघं आडवी झाली की चौथ्यानं उभं राहायचं, एवढाच काय तो त्रास! त्याची बायको नर्मदा दोन ट्रंका, गोधड्यांचं बोचकं आणि सातव्या महिन्याचं पोट घेऊन आत आली, चारी भिंतींवरून नजर फिरवली आणि तिनं पदर खोचला. जागा कमी दिसली की तिला उलट हुरूप येई.

गोधड्या खाटेखाली गेल्या. ट्रंकेवर ट्रंक, वर चादर, झाली बसायची सोय. लुगड्यांच्या तिनं घट्ट गुंडाळ्या करून उभ्या लावल्या, म्हणजे एक ओढली तरी बाकीच्या ढासळत नाहीत. भिंतीत तीन फळ्यांचं फडताळ होतं. वर तिची लुगडी, मधे रामकिसनचे कपडे, आणि खालची फळी तिनं पुसून कोरी ठेवली. तिच्या माहेरी रीतच होती: बाळ जन्माला यायच्या आधी त्याच्यासाठी टाकासुद्धा घालायचा नाही, फक्त जागा धरून ठेवायची. याआधी दोनदा तिनं अशी जागा धरली होती. दोन्ही वेळा ती रिकामीच राहिली होती.

शेवग्याच्या शेंगा द्यायला आलेली इंदुबाई फडताळाशी थबकली.

"नर्मदाबाय, ती फळी मोकळी नको ठेवू."

"का वं मावशी?"

"आमच्यात नाय ठेवत. मोकळ्या फळीला वाटतं, भरायचं काम आपल्यालाच सांगितलंय. निदान एक सुपारी तरी ठेव."

नर्मदा हसली. सुपारी काही तिनं ठेवली नाही.

तिसऱ्या दुपारी तिनं फडताळाचं दार उघडलं तर खालच्या फळीवर एक झबलं होतं. धुऊन धुऊन मऊ झालेलं. कापड हिरवं, लाल काठाचं. तिनं अंगावरचं लुगडं पाहिलं. तोच रंग, तोच काठ, आणि लुगडं तर कुठे कातरलेलं नव्हतं. मग तिनं टाके पाहिले. नर्मदा डावखुरी, तिचे टाके डावीकडे कलत. हेही तसेच कललेले होते. गळ्याशी दुधाचा पिवळट डाग होता.

भीती वाटली नाही असं नाही. पण भीतीच्या आधी डोळे भरून आले. दूध ओकायला मूल जगावं लागतं...

दुसऱ्या दिवशी रांगत्या मुलाचा गुडघ्याशी विटलेला लेंगा आला. मग तीन वर्षांच्या पोराचा अंगरखा, मग शाईचा डाग पडलेला शाळेचा सदरा. रोज दुपारी एक कपडा, रोज वीतभर मोठा. रामकिसनला तिनं हात धरून दाखवलं, पण त्याला कोरी फळीच दिसली. "अगं, पुसून पुसून झिजवशील ती," म्हणाला आणि कामावर गेला. नर्मदा मात्र दार उघडण्याआधी पाय धुऊ लागली.

दहा वर्षांच्या पोराचा सदरा आला आणि फळी भरली. त्यानंतर एक दिवस गेला, दोन गेले, तीन गेले. काहीच येईना. दहाच वर्षं? चौथ्या सकाळी तिनं मधल्या फळीवरचे रामकिसनचे कपडे काढून दारामागे खिळ्यांना टांगले, आणि दुपारी त्या फळीवर बारा वर्षांच्या मुलाची चड्डी होती!

मग तिला थांबवणार कोण? जितकी जागा तितकं आयुष्य, हे तिला कुणी सांगावं लागलं नाही. तिनं घड्या आणखी बारीक केल्या, कपडे कपड्यांत सारले, वरची लुगडी ट्रंकेत कोंबली. वर फक्त तिच्या लग्नाचं पिवळं लुगडं राहिलं. तेवढी तरी आपली जागा असावी, असं तिला वाटलं.

घड्या बारीक करतानाच ते तिच्या लक्षात आलं. शाळेच्या सदऱ्याचे टाके उजवीकडे कललेले होते. तिनं एकेक कपडा उलगडला. झबलं तिचं, लेंगा तिचा, अंगरखा तिचा. त्यापुढे एकही नाही. ठिगळं मायेनं लावलेली होती, काज सुबक होते, पण हात दुसऱ्या कुणाचा होता.

सगळे कपडे तिनं पुन्हा घडी करून जागच्या जागी ठेवले. मग इंदुबाईच्या दारात गेली.

"मावशी... फळी आता रिकामी केली तर?"

इंदुबाईनं काय आलंय ते विचारलं नाही. निवडायचं सूप तेवढं खाली ठेवलं. "तर आलेलं परत जातं, बाय... समदंच."

नर्मदा खोलीत आली. पोटात बाळानं लाथ मारली, तिनं तिथं तळवा ठेवला. "आहेस ना?" म्हणाली. मग हात उंच करून तिनं पिवळं लुगडं वरच्या फळीवरून काढलं, ट्रंकेत ठेवलं आणि फडताळाचं दार लोटलं.

कडी लावायच्या आतच दार आपसूक उघडलं. वरच्या फळीवर पुरुषाचा सदरा होता, चांगला रुंद खांद्यांचा. तिनं तो छातीशी धरला. कापड अंगाच्या उबेचं होतं... बाहीचं बटण उजवीकडे कललेल्या टाक्यांनी अर्धंच लावलेलं होतं, त्यात सुई लोंबत होती, आणि ती सुई हलत होती. दोऱ्याचं दुसरं टोक फळीवरून मागे अंधारात गेलं होतं.

"कोण हाय?" नर्मदेनं हळूच विचारलं.

तिनं सुई डाव्या हातात घेतली आणि बटणाचे उरलेले टाके घातले, सावकाश, एकही न चुकवता. प्रत्येक टाक्याला पलीकडून कुणीतरी दोरा जरासा ताणून धरत होतं. शेवटी तोडायला म्हणून तिनं दोऱ्याला दात लावला, तेव्हा पलीकडच्या हातानं तो अलगद ढिला सोडला.