चाळीस मिनिटांचा इशारा

लांबच्या शिंपलेपट्टीपासून बांधापर्यंत भरलं पोतं घेऊन परत यायला एका बाईला किती वेळ लागतो, एवढंच मोजायला आम्ही तिघं त्या सकाळी चिखलात उतरलो. ऐकायला सोपं वाटतं. पण हा प्रश्न पडायला आमच्या संस्थेला चार मृत्यू आणि एक अख्खं वर्ष लागलं होतं, आणि त्यातला निम्मा दोष माझा होता.

मागच्या वर्षी वाऱ्याने फुगलेली भरती वेळेआधीच आत घुसली. धोक्याचा संदेश चाळीस मिनिटं आधी फोनवर गेला होता. नंतर दारोदार फिरून पाहणी केली ती मीच. ‘कुटुंबप्रमुखाला संदेश मिळाला का?’ दार उघडणारा पुरुष ‘हो’ म्हणायचा आणि मी कागदावरच्या चौकटीत बरोबरची खूण करायचे. शंभरात शहाण्णव! हवामान बदलाला तोंड देणारी वस्ती म्हणून आमचा अहवाल गाजला. अहवालात स्त्री-पुरुष समानतेवर वेगळं प्रकरण होतं. त्यात हसऱ्या बायकांचा एक फोटो होता. कुटुंबप्रमुख त्या दिवशी धक्क्यावर होते, दुकानात होते, न्हाव्यासमोर मान वाकवून बसले होते. बायका चिखलात होत्या. घरात फोन एकच, आणि तो कुणाच्या खिशात असतो हे विचारायचं मला सुचलंच नव्हतं.

मला हे सांगितलं थोरलीने. सगळी वस्ती तिला थोरलीच म्हणते. साठीची बाई, कोपरापर्यंत खारवलेले हात, बोलणं दगडासारखं. बुडालेल्या चौघींत तिची धाकटी जाऊ होती.

“तुझ्या कागदावर आमची माणसं वाचली ना?” ती मला म्हणाली होती. “मग कागदालाच विचार, माझी जाऊ कुठे आहे.”

मी साहेबांकडे गेले. आमचे साहेब वाईट नव्हेत. ते खुर्ची पुढे करतात, सगळं ऐकून घेतात आणि काही लिहून घेत नाहीत.

“वेळ पुरत नाही हे बायकांचं म्हणणं आहे,” ते म्हणाले. “म्हणणं म्हणजे पुरावा नव्हे. मोजून आणा.”

म्हणून थोरली पुढे, मी मध्ये आणि मागे संस्थेचा मोजणीदार. त्याच्या खांद्यावर वाटेची नोंद ठेवणारं यंत्र आणि त्याची तिपाई होती. तिला तो तान्ह्या पोरासारखा जपत होता. थोरलीकडे फक्त एक लांब, पुढे वर वळलेली फळी. तिच्यावर एक गुडघा टेकवायचा, दुसऱ्या पायाने चिखल मागे ढकलायचा, की ती सरपटत जाते. आम्हाला ते जमेना. आम्ही चालत होतो, म्हणजे एक पाय उपसत होतो आणि दुसरा गमावत होतो.

ओहोटीला उघडा पडलेला तो मुलूख विलक्षण होता. क्षितिजापर्यंत करडा, ओला, चकाकणारा चिखल. त्यात बारीक छिद्रांची रांगोळी, आणि एखाद्या छिद्रातून मध्येच उडणारी पाण्याची पिचकारी. थोरली छिद्र बघून सांगायची, खाली शिंपली किती खोल आहे. समुद्र इतका मागे हटला होता की तो परत येईल यावर विश्वास बसू नये.

पट्टीवर पोचल्यावर तिने पोतं भरायला घेतलं.

“वाळू भरली तरी चालेल ना?” मोजणीदार म्हणाला. “वजन तर वजन.”

“वाळूने पोट भरतं का?” ती म्हणाली. “बायका पोतं अर्धं टाकून निघत नाहीत. मोजायचं तर खरं मोज.”

पोतं भरलं, फळीवर बांधलं. दहा वाजून दहा मिनिटांनी मी घड्याळाची कळ दाबली आणि आम्ही निघालो. फोन काढून पाहिला, तर इथे रेंजच नव्हती. म्हणजे बायकांच्या हाती फोन असता तरी संदेश आला नसता! हे एका वर्षात आमच्यापैकी कुणी इथवर येऊन पाहिलं नव्हतं.

थोरली फळी ढकलत होती. माझ्या पिंढऱ्या जळत होत्या. बऱ्याच वेळाने मी म्हणाले, “चाळीस मिनिटं झाली.”

ती थांबली नाही. “म्हणजे त्या दिवशी एव्हाना पाणी आलं होतं. बांध बघ कुठे आहे तो.”

बांध दूर, दोऱ्याएवढा दिसत होता. तिसरा हिस्साही वाट संपली नव्हती. मला माझ्या त्या शहाण्णवची किळस आली.

पुढे थोरली डावीकडे वळली. मोजणीदाराने खिशातून नकाशा काढला. “वाट सरळ आहे. उगाच वळसा कशाला?”

“नवा बांध लांबवला तेव्हापासून ओहोळ इकडे सरकलाय. तिथे तळ नाही.”

“बांधाचं काम करताना वस्तीला विचारूनच नकाशा केलाय.”

“कुणाला विचारलं? होडीवाल्यांना? ते इथे कधी पाय ठेवतात?”

तो सरळ गेला. वीस पावलं गेला असेल. एकविसावं पडलंच नाही. तो कमरेपर्यंत आत गेला!

“हलू नकोस,” थोरली ओरडली.

तो धडपडला आणि आणखी वीतभर खचला. मी पुढे धावले, तर तिने माझा दंड कचकन पकडला. पोत्याच्या गाठी तिने दोन झटक्यांत सोडल्या. शिंपल्या चिखलात ओतल्या गेल्या. ती फळीवर पालथी पडली आणि सरकत त्याच्यापर्यंत गेली.

“मागे रेल. झोप. यंत्र सोड.”

“सगळी नोंद यात आहे,” तो रडकुंडीला आला होता.

“यंत्र जाऊ देऊ नका,” मी किनाऱ्यावरून म्हणाले. किनारा कसला, घट्ट चिखलाचा एक उंचवटा. “मावशी, ते घ्या आधी. साहेबांना पुरावा लागतो.”

तिने मान वळवून माझ्याकडे पाहिलं. तशी नजर मी त्याआधी कुणाची झेलली नव्हती.

“चार जणी मेल्या,” ती म्हणाली. “तो पुरावा नव्हता का ग?”

मोजणीदाराने हात सोडला. तिपाई तिरकी झाली आणि यंत्रासकट हळूहळू गिळली गेली. मग तिने हाताने त्याच्या पायांभोवतीचा चिखल ढवळत पाणी आत सोडलं. एक पाय सुटला. दुसरा सुटायला अर्धा तास गेला. तो फळीवर आडवा आला तेव्हा त्याचे दात वाजत होते.

आणि वारा फिरला होता. समुद्राकडून येत होता, थंड आणि जोरकस. मी मागे पाहिलं. चिखल चकाकत नव्हता, हलत होता. पाणी आलं होतं! आवाज नाही, लाट नाही; बोटभर जाडीचा एक पापुद्रा माणसाच्या धावेने आमच्याकडे सरकत होता.

“पळा,” थोरली म्हणाली. “माझ्या मागोमाग. मी टाकीन तिथेच पाय.”

घोटा. पिंढरी. गुडघा. वळसा संपेना. बांधापुढचा शेवटचा ओहोळ भरून वाहत होता. तिने फळी आडवी पाण्यात टाकली. तिघांनी तिला छातीशी धरलं आणि पाय मारले. पाण्याने आम्हाला बाजूला फेकलं. माझं डोकं दोनदा खाली गेलं. नाकात खारं, कानात घुमघुम. मग पायाला काहीतरी टणक लागलं. बांध!

बांधाला पायऱ्या नव्हत्या. गुळगुळीत सिमेंट, वर शेवाळ. पायऱ्या होत्या त्या धक्क्यापाशी, जिथे होड्या लागतात. जिथून रोज शंभर बायका चढतात तिथे काही नव्हतं. आमच्याच निधीतून बांधलेली ती भिंत होती. मी नखांनी ती ओरबाडली आणि घसरले.

वरून दोर पडला. मग दुसरा. सात-आठ बायका आणि एक पुरुष, दात आवळून ओढत होते. तो थोरलीचा धाकटा दीर, बुडालेल्या जावेचा नवरा. इशाऱ्याचा संदेश त्याच्या फोनवर आला होता. या वेळी तो बसून राहिला नव्हता. दोर घेऊन, बायकांना हाका मारत धावत आला होता. आधी मोजणीदाराला काढलं, मग मला. थोरली शेवटी आली, फळी सोडायला तयार नव्हती.

घड्याळ चालूच होतं. दोन तास पंचवीस मिनिटं. मोजणीदाराचा अर्धा तास आणि शेवटची धावपळ वजा करूनही चाळीसशी त्याचं काही नातं नव्हतं.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी सगळं ऐकून घेतलं. “जिवावर बेतलं, वाईट झालं. पण यंत्राची नोंद गेली. एका फेरीला किस्सा म्हणतात, निष्कर्ष नाही. आणि अहवाल तर छापून गेलाय.”

“मग परत छापा,” मी म्हणाले. आवाज चढला होता, तो मी उतरवला नाही. “नाहीतर त्यातून माझं नाव काढा आणि का काढलं तेही छापा.”

मोजणीदार दारात उभा होता. पायाला पट्टी होती. “यंत्र मी बुडवलं, साहेब,” तो म्हणाला. “नकाशाही मीच आखला होता. तोही चुकलाय. तेवढं लिहून घ्या.”

साहेबांनी पहिल्यांदा पेन उघडलं.

पुढच्या ओहोटीला चौदा बायका मनगटावर घड्याळं बांधून उतरल्या. चार दिवसांत छप्पन्न फेऱ्या झाल्या. बांधावर वही घेऊन मोजणीदार बसला होता. सर्वांत चपळ बाईलाही चाळीस मिनिटांच्या वर आणखी पाऊण तास लागला. फोनच्या जागी भोंगा हवा, तो पट्टीपर्यंत ऐकू जायला हवा, आणि पायऱ्या इथे हव्यात, हे थोरलीने सांगितलं आणि मी शब्दही न बदलता उतरवलं. मंजुरी आली तेव्हा मी तिला कळवलं. ती म्हणाली, “वर्ष उशिरा.”

मग मी जुने कागद घेऊन पुन्हा दारोदार फिरले. या वेळी प्रत्येक घरातल्या बाईला विचारलं. शेवटचं दार थोरलीच्या दिराचं होतं. तिथे विचारायला बाई नव्हती.

त्याने मला आत घेतलं, बसायला दिलं. बराच वेळ तो फोन हातात फिरवत राहिला. मागच्या वर्षीचा संदेश त्याने अजून पुसला नव्हता.

“मला वाटलं, आकाश बघून तिला कळलंच असेल,” तो म्हणाला. “त्यांना सगळं कळतं ना चिखलातलं. मी चहा संपवला. मग बांधावर गेलो. हाका मारल्या. वारा उलटा होता.”

त्याने फोन पालथा ठेवला.

“तुमच्या त्या शहाण्णवमध्ये मी आहे ना, ताई?”

“आहात.”

“मला काढा तिथून.”

मी त्याचा कागद शोधला. ‘संदेश मिळाला’ समोरची माझीच खूण होती, ठसठशीत, निळ्या शाईतली. मी ती खोडली. पेन इतकं दाबलं गेलं की कागद फाटला.