खाऱ्या चादरी

टाउन्सव्हिलच्या आमच्या साप्ताहिकात मी जुन्या सिनेमांची परीक्षणं लिहिते. संपादक रूबेन म्हणाला, "इमोजेन, या खेपेस जरा चावट काहीतरी घे. लोक नाकं मुरडतात, पण वाचतात तेच."

म्हणून ‘खाऱ्या चादरी’ या सिनेमाची जुनी कॅसेट लावली. सिनेमा नव्वद सालच्या सुमाराचा, इथल्याच किनाऱ्यावर चित्रित झालेला. विवाहित विमा एजंट, मोटेलात भेटलेली अनोळखी बाई, घाम, पंखा, उघड्या पाठी आणि मग खून. शेवटी तो तिला खोलीत कोंडून गाडीने निघून जातो. मी लिहून टाकलं: कथा ठिसूळ, पण कोंडलेल्या नायिकेची भीती तेवढी खरी.

पडद्यावरून नावं सरकून गेली. कॅसेट मात्र थांबली नाही. पुन्हा तीच खोली दिसली. नायिका पलंगावर बसली होती. तिने उठून दार ओढलं, ते उघडेना, पुन्हा येऊन बसली. मी कॅसेट पुढे पळवली. ती तिथेच. फक्त केस पांढरे झाले होते.

नायिकेचं काम केलेली नोरीन व्हेसी समोरच्या मॅग्नेटिक बेटावर राहते. दुसऱ्या दिवशी दुपारच्या बोटीने मी कॅसेट घेऊन तिच्याकडे गेले.

सत्तरीची, काटक बाई. घरात आतल्या एकाही खोलीला दार नव्हतं. न्हाणीघरालाही नुसता पडदा. मी काय लिहिलंय ते तिला सांगितलं.

"भीती खरी वाटली? वाटणारच," ती म्हणाली. "दिग्दर्शकाने मला खरंच कोंडलं होतं. कॅमेरा चालू ठेवला आणि सगळे जेवायला गेले. घसा बसेपर्यंत ओरडले, मेल्यांना ऐकूच आलं नाही."

"मग दार कुणी उघडलं?"

नोरीन चहा ढवळत राहिली.

"तेच आठवत नाही बघ. कुणालाच नाही. पण मी बाहेर आले, एवढं खरं." तिने माझ्याकडे पाहिलं. "आले ना?"

कॅसेट लावायचं माझ्या जिवावर आलं होतं. तिनेच हट्ट धरला. तिच्याकडे जुना व्हीसीआर अजून चालत होता.

तीच खोली. तोच झगा, आता विटलेला. पांढऱ्या केसांची बाई दाराला कान लावून उभी होती.

नोरीन खोकली.

पडद्यावरची बाई गर्रकन वळली.

मी बंद करायला हात पुढे केला. नोरीनने माझं मनगट धरलं.

"नको गं. तिला एकटं वाटेल."

आम्ही बसून राहिलो. धक्क्यावर परतीच्या शेवटच्या बोटीचा भोंगा झाला. मनगट सुटेना. खरं तर मी सोडवूनही पाहिलं नाही.

"अगं," नोरीन हळूच म्हणाली, "हिला जेवायला कोण देतं?"

पडद्यावरच्या पलंगाशेजारी एक ताट होतं. त्यातून वाफ निघत होती.