सहाव्या मजल्यावरचा रविवार

शहराच्या ऐन पोटात, दोन उंच इमारतींच्या मधल्या चिंचोळ्या जागेत मी आखलेली ऑफिसांची इमारत उभी राहिली, तेव्हा मी पहिल्यांदाच स्वतःच्या कामावर खूश होते. ती मी वारुळावरून बेतली होती. वारुळाला जसा हवेच्या वाटांनी गारवा मिळतो, तशीच इथे खालून गार हवा आत यायची, भिंतींतल्या पोकळ्यांतून वर चढायची आणि गच्चीवरच्या धुरांड्यांतून बाहेर पडायची. एसी नाहीच. प्रत्येक मजल्यावर छतालगत लाकडी झडपा होत्या. माणसांच्या श्वासाने हवा जड झाली की त्या आपोआप उघडायच्या. माणसं घरी गेली की मिटायच्या.

इमारतीची देखभाल बघणारा इंजिनिअर जरा मिस्कील. एका सोमवारी म्हणाला, "मॅडम, तुमचं वारूळ सुट्टीपण घेत नाही हो! काल सहाव्याच्या झडपा दिवसभर सताड उघड्या होत्या."

"कोणीतरी आलं असेल."

"सहावा अजून भाड्याने गेलाय कुठे? कुलूप आहे."

त्याने श्वास मोजणारं यंत्र बदललं. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. गोष्ट मालकांच्या कानावर गेली. "दुरुस्त करा," ते म्हणाले, "नाहीतर भिंती फोडून मी सरळ एसी बसवतो." माझ्या कित्येक वर्षांच्या कामावर बोळा फिरणार होता.

रविवारी मला तसंही काही नसायचं. एक कप विसळला की घरकाम संपलं. दूरदेशी असलेल्या दादाचा फोन यायचा, तेवढाच आवाज. दुपारी किल्ल्या घेऊन मी सहाव्यावर गेले.

मजला रिकामा होता. ना टेबल, ना खुर्ची. कोऱ्या फरशीवर ऊन पसरलेलं. पण दार उघडताच अंगावर आली ती गच्च भरलेल्या खोलीची हवा. कोमट, दमट. तिला केसांच्या तेलाचा, दिवसभर घातलेल्या कपड्यांचा, नुकत्याच प्यायलेल्या चहाचा वास होता. मी कोपरान् कोपरा पाहिला. कोणी नव्हतं.

घाबरायला हवं होतं. त्याऐवजी मी भिंतीला टेकून बसले. शेजारच्या खोलीत घरातली माणसं दुपारची लवंडली असावीत, तसं वाटलं. कधी डोळा लागला कळलंही नाही.

मालकांना मी सांगितलं, "बिघाड नाही. लाकूड फुगू नये म्हणून रविवारी हवा खेळती ठेवतो आपण." त्यांना ते पटलं. इंजिनिअर मात्र माझ्याकडे बघत राहिला.

"तुम्ही म्हणाल तसं, मॅडम," तो म्हणाला. "फक्त रविवारी मला वर पाठवू नका."

त्यानंतर एकही रविवार मी चुकवला नाही.

परवा मी तिथेच असताना दादाचा फोन आला.

"कुठे आहेस? मागे केवढा गलबला आहे!"

मी कान दिला. मला काहीच ऐकू येत नव्हतं.

"ऑफिसात," मी म्हणाले.

"बरं झालं बाई. घरात एकटी बसून असतेस, माझ्या जिवाला घोर लागतो." तो थांबला, मग हसला. "काय गं, तिथेपण तुला ठमीच म्हणतात?"

ते नाव आमच्या घराबाहेर कधी गेलं नव्हतं.

"दादा, कोण म्हणतंय?"

"कोण म्हणजे? सगळेच. बोलावतायत तुला. जा, मी ठेवतो."

फोन बंद झाला.

मी हळूच वळले.

समोरच्या लांब काचेवर बाष्पाचे गोल डाग उमटले होते. आतल्या बाजूने, माणसाच्या तोंडाच्या उंचीवर, ओळीने.

मध्ये एकीपुरती जागा मोकळी होती.