डाव्या बाजूचा दिवा

ए, तो मोबाईलचा उजेड आधी बंद कर बघू. तोंडाच्या एकाच बाजूला धरून बसलीस, अर्धा चेहरा दिसतोय आणि अर्धा गायब. मला ते बघवत नाही. का बघवत नाही म्हणता? मग सरका पुढे. पण मधेच कुणी पाणी प्यायला उठायचं नाही, आणि दर दोन वाक्यांनी "खरंच का हो काका?" असं विचारायचं नाही. ज्याच्याबाबत हे घडलं त्याच्या शेजारी माझं दुकान होतं, अठरा वर्षं. तो फोटो काढायचा आणि मी त्यांना चौकटी करून द्यायचो. त्यानं मला जसं सांगितलं तसंच सांगतो. शेवटचं थोडं तर माझ्या डोळ्यांदेखतच झालं.

त्याला सगळे ट्रायपॉड म्हणायचे. उंच, काटकुळा, आणि एका पायानं अधू असल्यामुळे हातात कायम काठी. तीन पायांवर उभा राहणारा फोटोग्राफर, त्याला दुसरं काय म्हणणार? त्याला त्याचा रागही नव्हता. हात सोन्याचा होता त्याचा. फक्त ते त्याला स्वतःला जरा जास्तच ठाऊक होतं.

तर नोव्हेंबरची चौदा तारीख, गुरुवार. संध्याकाळी सातच्या सुमारास ट्रायपॉड पांढऱ्या कागदाचा मोठा रोल आणायला बाहेर पडला होता. फोटो काढताना माणसाच्या मागे सोडतात ना, तो कागद. रोल खांद्यावर टाकून परत आला तर स्टुडिओच्या दाराशी एक बाई उभी. हातात वर्तमानपत्रात गुंडाळलेली चौकट.

"भाऊ, काच बदलून हवी होती," ती म्हणाली.

"द्या ना ताई. शेजारी आमचे चौकटवाले आहेत, सकाळी करून देतील," असं म्हणत त्यानं वर्तमानपत्र उलगडलं. फोटो त्यानंच काढलेला होता. अकरा महिन्यांपूर्वी.

आता इथे तुम्हाला थोडी शिकवणी घ्यावी लागेल. जांभया देऊ नका. स्टुडिओत चेहऱ्याचा फोटो काढायच्या दोन तऱ्हा. एक हाय-की. मागे पांढरा कागद, त्या कागदावर दोन दिवे, आणि चेहऱ्याच्या डाव्या-उजव्या बाजूला आणखी दोन. सगळा उजेडच उजेड, सावलीला जागाच ठेवायची नाही. दुसरी तऱ्हा लो-की. मागे काळं कापड, दिवा एकच, तोही एका अंगानं. निम्मा चेहरा उजळतो आणि निम्मा काळोखात बुडतो. ट्रायपॉडचा सगळा जीव त्या लो-कीत. हाय-कीला तो "दाताच्या डॉक्टरकडचा उजेड" म्हणायचा.

या बाईची मुलगी बावीस वर्षांची होती. डाव्या गालावर जन्मापासूनचा मोठा जांभळट चट्टा. लहानपणापासून कुणी कॅमेरा काढला की पोर मान वळवायची. घरातल्या एकूण एक फोटोत तिची एक तर पाठ, नाहीतर उजवा गाल. ती अकरा महिन्यांपूर्वी नोकरी लागली म्हणून आपल्या पायांनी स्टुडिओत आली होती आणि म्हणाली होती, "काका, दोन्हीकडून दिवे लावा. सगळं स्वच्छ दिसू दे. आज मी मान वळवणार नाही."

आणि या शहाण्यानं काय केलं? त्याला वाटलं, बिचारीला काय कळतंय, आपण हिच्यावर उपकार करू. काळं कापड सोडलं, उजवीकडून एक दिवा लावला आणि चट्टा काळोखात घालवला. पोरीनं विचारलंसुद्धा, "डाव्या बाजूचा दिवा?" हा म्हणाला, "लावतो नंतर." लावला नाही. फोटो मात्र असा देखणा आला की यानं तो महिनाभर दुकानाच्या काचेत मांडून ठेवला. मुलगी बघून म्हणाली, "छान आहे. पण ही मी नाही, काका. परत काढाल?"

"काढू की, ये पुढच्या महिन्यात."

पुढच्या महिन्यात तिला ताप आला. चार दिवसांत सगळं संपलं.

आता तिची आई समोर बसली होती. "तीन वेळा काच बदलली, भाऊ," ती म्हणाली. "डाग पडतात. त्या काळ्या बाजूलाच पडतात, आणि आतून. बाहेरून कितीही पुसा, जात नाहीत."

"दमट हवा असेल, ताई."

"असेल." तिनं चौकटीवरून पदर फिरवला. "काच राहू द्या. मला दुसरंच मागायचंय. तिची ती बाजू मला आठवेनाशी झालीय. चट्टा डोळ्याच्या कडेपासून होता की थोडा खाली? कानापर्यंत जायचा की नाही? बावीस वर्षं मी तो गाल धुतला, पुसला, त्यावर पापे घेतले, आणि आता डोळे मिटले की तिथे काळंच दिसतं. ह्या फोटोसारखं. रोज बघून बघून हेच डोक्यात बसलंय." ती रडायला लागली. "ओळखपत्रावरचा फोटो बघावा तर तो नखाएवढा, त्यात माणूस आहे की बटाटा तेही कळत नाही. ह्या काळोखात असेलच ना हो काहीतरी? तेवढं काढून द्या. उद्या नऊच्या गाडीनं मी बहिणीकडे चाललेय, कायमची."

ट्रायपॉडला तिच्याकडे बघवेना. "सकाळी आठला या," एवढंच तो म्हणाला.

स्टुडिओत एकटा बसून त्यानं कॉम्प्युटरवर मूळ फोटो उघडला आणि काळा भाग उजळायला घेतला. कितीही उजळा, वाळू सांडल्यासारखे नुसते राखाडी दाणे. जिथे उजेड पडलाच नाही तिथून काढणार काय? नऊला बायकोचा फोन आला. "जेवायला येताय की तिथेच अंथरूण पाठवू?" तो म्हणाला, तुम्ही जेवून घ्या. दहा वाजले. अकरा वाजले. हाती काही लागेना.

मग त्याला एक सुचलं. त्या दिवशी आपण अर्धा तास या पोरीकडे बघत होतो. तोच देखावा पुन्हा मांडला तर आठवेल. आठवलं की हातानं रंगवून देऊ. काहीच न देण्यापेक्षा बरं.

अकरा वाजून वीस मिनिटांनी त्यानं काळं कापड सोडलं. ती बसली होती ते फिरतं स्टूल बरोबर जागेवर ठेवलं. उजवीकडचा दिवा लावला. बाकी सगळे दिवे घालवले. फोटोची काच मी संध्याकाळी दुकान बंद करून जाताना काढून ठेवली होती, चौकट तशीच उघडी टेबलावर उभी होती. तो कॅमेऱ्यामागे जाऊन उभा राहिला आणि रिकाम्या स्टुलाकडे बघू लागला.

उजेड स्टुलाच्या निम्म्या बैठकीवर पडला होता. निम्मी बैठक काळोखात.

काही आठवेना. मग, आता ही त्याची तीस वर्षांची सवय, तोंडातून आपसूक शब्द निघाले. गिऱ्हाईक बसलं की तो हेच बोलायचा.

"हं... आरामात बस. खांदे सैल सोड."

गुरुवारी रात्री आमच्या गल्लीत कुत्रंसुद्धा फिरत नसे. सगळं चिडीचूप होतं.

"हनुवटी जरा खाली... छान. आता माझ्याकडे वळ."

स्टूल वळलं.

थोडंसंच. चार बोटं. करकरत. आणि थांबलं.

ट्रायपॉडनं काठी घट्ट धरली. जमीन तिरकी असेल, त्यानं मनात म्हटलं. त्या जमिनीवर तो तीस वर्षं वावरत होता. ती तिरकी नव्हती.

"कोण आहे?"

काही नाही.

दिव्याची बारीक गुणगुण. आणि त्या गुणगुणीच्या खाली आणखी काहीतरी. श्वास. हळू. ताप आलेल्या माणसाचा असतो तसा, कोरडा...

स्टुलाच्या डाव्या बाजूनं. काळोखातून.

त्याची पाचावर धारण बसली. दार पाठीमागे होतं, सहा पावलांवर. त्याला पळता आलं असतं. मला नंतर म्हणाला, "अरे, पळणारच होतो. एक पाऊल टाकलंही. मग लक्षात आलं, ती कशाची वाट बघतेय."

तो पळाला नाही. भिंतीच्या कडेनं सरकत गेला. काळं कापड ओढून पाडलं. नवा पांढरा रोल टांगला. कागद दोनदा निसटला. मागचे दोन दिवे लावले. कागद लख्ख झाला.

आता राहिला एक.

डाव्या बाजूचा.

त्या दिव्याकडे जायचं तर स्टुलाला वळसा घालून जायला हवं. काळोख होता त्या बाजूनं.

तो गेला. बघितलं नाही. हाताच्या अंतरावरून गेला. आणि त्याच्या दंडाला ऊब लागली. तापलेल्या अंगाची.

बटण दाबलं.

खोलीत कुठे सावली म्हणून उरली नाही. पांढरा कागद, पांढरी भिंत, पांढरी जमीन. स्टूल रिकामं.

पूर्ण रिकामं.

श्वास थांबला नव्हता.

त्यानं खिशातून उजेड मोजायचं मीटर काढलं. फोटो काढण्याआधी मोजायचंच असतं. हात लांब करून स्टुलाच्या उजव्या अंगाला धरलं. आठ. डाव्या अंगाला धरलं. आठ. मग मधे. बसलेल्या माणसाचा चेहरा जिथे येईल तिथे.

काटा शून्यावर.

चार दिवे जळत होते. आणि त्या वीतभर जागेत... उजेड नव्हता.

ट्रायपॉडचे डोळे भरून आले. भीतीनं म्हणा, लाजेनं म्हणा.

"चुकलं माझं, बाळ," तो म्हणाला. "तुझं ऐकायला हवं होतं. लावलाय बघ आता. दोन्हीकडून."

...

"वळवू नकोस मान."

...

त्यानं बटण दाबलं. फ्लॅश उडाला. त्याबरोबर श्वास थांबला. स्टूल करकरलं, कुणी उठावं तसं.

कॅमेऱ्याच्या पडद्यावर नुसता पांढरा कागद होता आणि रिकामं स्टूल. त्यानं पुनःपुन्हा बघितलं. कुठेच काही नाही. सकाळी त्या माउलीला काय द्यायचं? तो तिथेच जमिनीवर बसला आणि लहान पोरासारखा रडला. घड्याळात बारा वाजून दहा मिनिटं झाली होती.

सकाळी साडेसातला मी दुकान उघडलं तर हा पायरीवर. डोळे सुजलेले, शर्ट कालचाच. मी म्हटलं, "काय रे, बायकोनं हाकललं का?" तो हसला नाही. मला सगळं सांगितलं, एका दमात. मी चहा मागवला, दुसरं काय करणार? मग चौकटीला नवी काच बसवायला घेतली. फोटो होता तसाच होता. निम्मा चेहरा, निम्मा काळा.

आठला बाई आली, हातात प्रवासाची पिशवी. ट्रायपॉड उभा राहिला आणि म्हणाला, "ताई, मला माफ करा. जमलं नाही. त्या दिवशी मीच तिला..." मी चौकट पुढे केली.

बाईनं ती हातात घेतली. बघितली. तिचा चेहरा असा काही बदलला की मला वाटलं ही आता खाली पडते, म्हणून मी खुर्ची ओढली. ती बसली नाही. तिनं बोट काचेवर ठेवलं, त्या काळ्या भागावर, आणि हळूहळू फिरवलं. डोळ्याच्या कडेपासून खाली, गालावरून, पार कानापर्यंत.

"इथून इथवर," ती म्हणाली. "बघा, मी कशी विसरले होते? आणि हसतेय की हो. भाऊ, किती छान हसतेय!"

आम्ही दोघं तिच्या खांद्यांवरून वाकून बघत होतो. आम्हाला काळंच दिसत होतं. मला काळं आणि त्यालाही काळंच. ट्रायपॉडनं तोंड उघडलं, मी त्याचा हात दाबला. बोलायचं काय?

बाई निघायला लागली तेव्हा तो म्हणाला, "ताई, एक क्षण." त्यानं माझ्या टेबलावरचं भिंग उचललं आणि चौकटीवर धरलं. पोरीच्या उजव्या डोळ्यावर, जो उजेडात होता त्याच्यावर. बराच वेळ धरलं. मग भिंग माझ्या हातात दिलं आणि भिंतीला टेकला.

पोरांनो, फोटोत माणसाच्या डोळ्यात एक पांढरा ठिपका दिसतो. समोर जो दिवा असतो त्याचं ते प्रतिबिंब. जितके दिवे तितके ठिपके, त्यात फसवाफसवी नाही. आणि हा कॉम्प्युटरमधला फोटो नव्हे, कागदावर छापलेला. अकरा महिने चौकटीत होता. ही चौकट मीच केली होती, तेव्हा त्या डोळ्यात एकच ठिपका होता. माझ्या हातानं मी त्याच्यावरची धूळ टिपली होती.

मी भिंगातून बघितलं. ठिपके दोन होते.