र दाबलं की

लेबलं छापणाऱ्या त्या कारखान्यात वरच्या खोलीत एकच मोठा कॉम्प्युटर होता, आणि सकाळी त्याच्यावर घाई बसायची. तिचं खरं नाव वेगळं होतं, पण जिना चढताना तिच्या चपलांचा जो आवाज व्हायचा, त्यावरून सगळे तिला घाई म्हणू लागले. बरण्यांची, साबणांची, औषधांच्या बाटल्यांची लेबलं ती 'रंगपेटी' नावाच्या प्रोग्राममध्ये रंगवायची. जेवणाच्या सुट्टीनंतर तीच खुर्ची, उंचीवरून सगळे ज्याला लांब्या म्हणायचे, त्याची. तिनं रंगवलेली लेबलं एका मोठ्या पानावर शेजारी शेजारी नीट बसवायची आणि खाली मशीनवर छपाईला पाठवायची, हे त्याचं काम. ती उठून गेल्यावर तो यायचा. एका खुर्चीवर दोघं बसायचे, पण एकमेकांना नीट पाहिलं नव्हतं.

त्या दिवशी पावसाची भुरभुर होती. लांब्या छत्री विसरला होता, म्हणून भिजायच्या आत पळत पळत लवकरच येऊन पोहोचला. दारातून पाहतो तर ही बाई माउस घेऊन सगळ्या पडद्यावर भटकतेय. पिशवीच्या तळाशी किल्ली शोधावी तशी.

"काय हरवलंय?" त्यानं विचारलं.

ती दचकली. "रंगपेटी. आत्ता बंद झाली हो. आता ती सापडेपर्यंत..."

"माउस सोडा."

"सोडून काय करू? फुंकर मारू?"

तो हसला. तिच्या खांद्यावरून हात लांबवून त्यानं दोन बटणं एकदम दाबली. पडद्याच्या मधोमध एक छोटीशी चौकट उघडली. त्याच्या बाहीवरून पाण्याचा एक थेंब तिच्या मनगटावर पडला. तिनं तो पुसला नाही, का ते तिलाही कळलं नाही.

"याला लाँचर म्हणतात. शोधत फिरायचं नाही. हवं त्याचं पहिलं अक्षर टाकायचं. र टाका... हं. आता एंटर."

रंगपेटी उघडली. पापणी लवायच्या आत.

"अगंबाई!"

"आणि तुम्ही जे जास्त वेळा उघडता, ते हा लक्षात ठेवतो. पुढच्या वेळी तेच सगळ्यात वर आणून देतो."

"म्हणजे माझी सवय ओळखतो?"

"सवय... हो. एवढंच ओळखतो," तो म्हणाला, आणि उगाचच छताकडे पाहू लागला.

आठवडाभर घाई हवेत होती. काम झपाझप व्हायचं. आणि मग एका सकाळी तिनं न बघता र दाबून एंटर मारलं, तर रंगपेटीऐवजी रचना उघडली. रचना म्हणजे लांब्याचा पानं लावायचा प्रोग्राम. त्याचंही पहिलं अक्षर र. कॉम्प्युटर एक, लाँचर एक आणि माणसं दोन. बिचारा लाँचर तरी कुणाची सवय लक्षात ठेवणार?

दुपारी दारात गाठ पडली तेव्हा तिनं कमरेवर हात ठेवले. "तुमची ती रचना सकाळी सकाळी माझ्यासमोर येऊन उभी राहते!"

"आणि दुपारी माझ्यासमोर तुमची रंगपेटी. मी काही बोललो?"

"माझ्या रंगपेटीत काय वाईट आहे?"

"वाईट कोण म्हणालं? रोज बघतो मी ती उघडून... म्हणजे, चुकून उघडते ना, म्हणून." त्याचे कान लाल झाले.

त्या दिवशी घाई जिना उतरली ती अगदी सावकाश. घरी तिची ताई म्हणाली, "आज चपला वाजल्या नाहीत. बरं नाही का?"

"बरं आहे गं. कॉम्प्युटरचा जरा गोंधळ आहे."

"कॉम्प्युटरचा?" ताईनं भुवई उंचावली आणि पुढं काही विचारलं नाही. ताईचं न विचारणं फार वाईट असायचं.

पण एकदा हसण्यावारी नेण्यापलीकडचं झालं. खोकल्याच्या औषधाचं लेबल संध्याकाळच्या आत छापून हवं होतं. घाईनं घाईघाईनं र दाबलं, एंटर मारलं आणि साबणाचं लेबल रंगवायला लागली. उघडं होतं ते रचनेतलं लांब्याचं तयार पान, खोकल्याच्या औषधाचं. साबणाचं जास्वंद तिनं खोकल्याच्या एका लेबलावर टेकवून सेव्हसुद्धा करून टाकलं. लक्षात आलं ते दुसऱ्या दिवशी. ती काळजीनं अर्धी झाली. पान छापून गेलं असेल तर नोकरी गेलीच.

दुपारी तो आला. रागावला नाही.

"फूल छान होतं," तो म्हणाला. "पण खोकणाऱ्या माणसाला ते हुंगावंसं वाटलं असतं. काढलं मी. मामांना कळलेलं नाही."

मामा म्हणजे कारखान्याचे मुकादम. कुणाचेच मामा नव्हते, म्हणून सगळ्यांचे होते.

त्या क्षणी घाईनं मनाशी ठरवलं. दुसऱ्या दिवशी काम संपवून खुर्चीवरून उठण्याआधी तिनं र दाबून रचना उघडली. बंद केली. पुन्हा उघडली, पुन्हा बंद केली. लाँचरच्या डोक्यात पक्कं बसेपर्यंत तिनं तेच केलं. आता तो आला की त्याला त्याचं काम पहिल्या झटक्यात मिळेल. तिला तिचं नाही मिळालं तरी चालेल.

आणि दुसऱ्या सकाळी र दाबलं, तर वर काय? रंगपेटी.

ती गोंधळली. आपलं काही चुकलं असेल म्हणून तिनं निघताना आणखी जास्त वेळा रचना उघडली. सकाळी पुन्हा रंगपेटी! रोज हेच. हे यंत्र करतंय? की... त्या 'की'च्या पुढं जायला तिचं मन धजत नव्हतं. यंत्र असेल तर यंत्र. पण तो असेल तर? विचारायचं कसं? 'तुम्ही संध्याकाळी निघताना माझ्यासाठी काही करता का?' असं विचारलं आणि तो नाही म्हणाला, तर त्या जिन्यावरून रोज चढायचं कोणत्या तोंडानं?

म्हणून तिनं त्याला सोडून मामांना विचारलं. "मामा, कॉम्प्युटर बिघडलाय. मला माझंच पहिलं देतो."

मामांनी चष्मा वर केला. "काल तो लांब्यासुद्धा हीच तक्रार घेऊन आला होता. ज्याचं त्याला मिळतंय, मग रडता कशाला दोघं?" आणि वैतागून त्यांनी संगणक दुरुस्त करणाऱ्या बाईंना बोलावलं. बाईंनी दोघांची खाती वेगळी केली. तिचा पासवर्ड वेगळा, त्याचा वेगळा, दोघांचे लाँचरही वेगळे. एकाच्या सवयीचा दुसऱ्याला वाराही लागणार नाही.

"आणि सोमवारपासून," मामा म्हणाले, "लांब्याला खाली मशीनजवळ स्वतंत्र कॉम्प्युटर. तिकडेच बसेल. मिटला तुमचा गोंधळ!"

मिटला खरा. र दाबलं की रंगपेटी यायची, रोज, बिनचूक. घाईचं काम पूर्वीपेक्षाही लवकर होऊ लागलं आणि कशातच जीव लागेना. सगळं जागच्या जागी असलेल्या घरात शिरावं आणि घरात माणूसच नसावं, तसं वाटायचं. आता तर कधीच कळणार नव्हतं... तो होता, की यंत्र.

शुक्रवार उजाडला. वरच्या खोलीतला त्याचा शेवटचा दिवस. घाईनं काम संपवलं. उठायला हवं होतं, पण हात आपोआप बटणांकडे गेला. चौकट उघडली. रचना. बंद. रचना. बंद. स्वतःच्याच खात्यात, जिथून ते त्याच्यापर्यंत कधी पोहोचणार नव्हतं.

"माउस सोडलात ते बरं केलं," मागून आवाज आला.

ती वळली नाही. कानशिलं मात्र तापली. "लवकर आलात?"

"छत्री विसरलो."

"बाहेर ऊन आहे."

"हो का..." तो जवळ आला. पडद्याकडे बघत राहिला. "हे इथं करून मला काही दिसणार नाही. खाती वेगळी झाली ना."

"काय करून?"

"तेच. जे इतके दिवस करत होतात."

"तुम्हाला कसं माहीत, मी काय करत होते?"

"माहीत नव्हतं. आत्ता कळलं." त्यानं मान खाजवली. "कारण मीही काल संध्याकाळी रोजच्यासारखं तेच करत बसलो होतो. माझ्या खात्यात. रंगपेटी उघड, बंद कर. उघड, बंद कर. अगदी येड्यासारखा. आज मला र दाबल्यावर तुझी रंगपेटीच येणार पहिली."

तुझी, म्हणाला तो. ती वळली. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच दोघांनी एकमेकांकडे सरळ पाहिलं.

"म्हणजे यंत्र नव्हतं," ती म्हणाली.

"यंत्राला काय कळतंय गं?"

"खाली... खाली कॉम्प्युटरवर तुला रंगपेटी कशाला लागेल?"

"नाही लागणार. पण खातं माझं हेच राहणार. सोमवारी र दाबून ती यादीत वर आली, की मी जिना चढून वर येईन. चहाला. चालेल?"

"सावकाश चढ," घाई म्हणाली. "जिना अरुंद आहे. मीही उतरतच असेन."

तेवढ्यात मामा दारात उभे. हातात चष्मा. "काय रे, अजून काही गोंधळ आहे का तुमचा?"

"आहे," दोघं एकदम म्हणाले.

"मग बोलावू त्या बाईंना परत?"

"नको!"