विठूचा लाल दोरा

आत्माराम मिस्त्रीचा देवावर विश्वास नव्हता असं नाही, पण मोटारीच्या बॉनेटखाली देवाला येऊ द्यायला तो तयार नव्हता. रत्नागिरीत एकोणीसशे चौतीस साली मोटारींच्या विजेतलं कळणारी माणसं दोन-तीनच, आणि त्यांत आपण पहिले हे तो कुणालाही सांगायचा.

लांज्याला उतारू नेणाऱ्या सर्व्हिस मोटारीचा ड्रायव्हर विठू त्याच्याकडे तीनदा आला. "मिस्त्री, अंजणारीच्या उतारावर बत्त्या जातत हो. डोळा मिटून उघडावा तेवढ्याच."

असा येऊन-जाऊन असणारा दोष म्हणजे मिस्त्रीची सत्त्वपरीक्षा. उभ्या गाडीत तो सापडत नाही. आत्मारामनं तारा हलवून पाहिल्या, इंजिन तासभर चालवलं, बत्त्या ढिम्म. तिसऱ्या खेपेला स्टिअरिंगखालच्या एका तारेला लाल दोरा बांधलेला दिसला. ड्रायव्हर लोक गाडीला देवीचा दोरा बांधतात, तसलाच असणार. आत्माराम चिडला. त्यानं पक्कडीनं तो तोडून फेकला.

"दोष गाडीत नाही," तो म्हणाला, "तुझ्या डोळ्यांत आहे."

चौथ्या दिवशी तिन्हीसांजेला रिकामी मोटार अंजणारीच्या उतारावरून खाली दरीत गेली. विठू जागीच गेला.

आत्माराम भेटायला गेला तेव्हा विठूची बायको कमळा शांतपणे म्हणाली, "ठिणगी दिसली तिथंच दोरा बांधलेला ह्यांनी. म्हणालेले, मिस्त्रींना शोधत बसूक नको."

त्या दिवसापासून आत्मारामला जेवण गोड लागेना. मालकानं गाडी वर काढून दुरुस्तीला दिली, तेव्हा आत्मारामनं एकूण एक तार स्वतःच्या हातानं नवी घातली. आणि नवा ड्रायव्हर म्हणून त्याच गाडीवर आला बाळा, त्याच्या विधवा बहिणीचा, गोदूबाईचा एकुलता मुलगा. नोकरी मामानंच शब्द टाकून लावलेली होती.

आठवडाभरात बाळा आला. "मामा, अंजणारीला बत्त्या आपोआप पेटतत. भर दिवसा."

आत्माराम हसला नाही. दुसऱ्या दिवशी दुपारी रिकाम्या गाडीत तो स्वतः बाळाशेजारी बसला. निघण्यापूर्वी त्यानं बत्त्यांच्या तारा मुळापासून सोडल्या, बॅटरी उतरवून घरी ठेवली. इंजिन मॅग्नेटोवर चालणारं, त्याला बॅटरी लागत नव्हती.

पाली गाव मागे पडलं. बाळा आईच्या गुडघ्याबद्दल बोलत होता.

उतार सुरू झाला. झाडांच्या सावलीत जांभ्याच्या दरडीवर दोन पिवळी वर्तुळं उमटली.

"पाहिलास, मामा?"

 सवयीनं एका हातात पक्कड घेऊन आत्माराम वाकला आणि स्टिअरिंगखालची एकेक तार बोटांनी चाचपू लागला. जन्मात पहिल्यांदा त्याला दोरा हवा होता. विठू, दाखव रे बाबा. या खेपेला तोडणार नाही.

एकाही तारेला दोरा नव्हता. गाडीत दोष नव्हता.

तो वर सरळ झाला, आणि बाळाचा हात त्याला दिसला.

"हा दोरा कुणी बांधला?"

बाळानं स्टिअरिंगवरच्या आपल्या मनगटाकडे पाहिलं. लाल दोरा, दोन घट्ट गाठींचा. "सकाळी नव्हता," तो म्हणाला.

"गाडी थांबव."

"वळण संपू दे, मामा."

पक्कड आत्मारामच्या हातातच होती. ती उघडली, दोऱ्यापर्यंत गेली आणि तिथंच थांबली.

पुढं वळण आलं. बाळाचे डोळे टक्क उघडे होते, रस्त्यावरच होते.

"मामा," तो हळूच म्हणाला, "बत्त्या गेल्या. कायच दिसत नाय."

दुपारचे दोन वाजले होते, आणि समोर दरडीवर दोन्ही बत्त्यांचा उजेड तसाच होता.